रक्तातल्या चिठ्ठ्या

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



दर वर्धापनदिनाला या जागेवरून कोणी विदुषी बोलतात आणि मी मागे चहाच्या पातेल्यापाशी असते. यंदा चिटणीसबाईंनी मला पुढे उभे केले, त्याचे कारण आपणांपैकी पुष्कळजणींना माहीत आहे. गेल्या महिन्याच्या सभेत एक गृहस्थ आले होते. त्यांनी रंगीत पत्रके वाटली आणि सांगितले की, हाताच्या शिरेतून रक्ताची एक नळी द्या, अंगात कोठेही कर्करोग दडला असेल तर तो कळेल. मग मॅमोग्राफी नको, दुसरी कसलीही तपासणी नको. या शोधाला नोबेल पारितोषिक मिळाले आहे, असेही ते म्हणाले. दर माणशी सहा हजार रुपये, पण मंडळासाठी साडेचार हजार.

आपल्या आरोग्य निधीत आज एक लाख आठ हजार रुपये आहेत. ते पापड-कुरडयांचे आणि दिवाळीच्या फराळाचे आहेत, म्हणजे आपल्या हातांच्या घट्ट्यांचे आहेत. त्यांत चोवीस जणींची तपासणी होईल, असा हिशेब निघाला आणि ठराव मांडला गेला. तेव्हा मी उभी राहून म्हणाले, "एक महिना थांबावे. ही वस्तू काय आहे, ते मला समजून घेऊ द्या." सभेने माझे ऐकले. आज मुदत संपली, तेव्हा जे समजले ते आपल्यापुढे ठेवणे माझे कर्तव्य आहे.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण माझी भाची एका प्रयोगशाळेत काम करते आणि माझ्या जाऊबाई तीन वर्षे कर्करोगाच्या इस्पितळात जात-येत आहेत. महिनाभर रात्री पोळ्या आटोपल्या की मी भाचीला फोन करी आणि वही घेऊन बसे. तिने सांगितलेले जोवर मला माझ्या शब्दांत परत सांगता येत नसे, तोवर मी तिला सोडले नाही. जाऊबाईंविषयी जे सांगणार आहे, ते त्यांच्या संमतीने. त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत.

त्या गृहस्थांच्या पत्रकावर एक शब्द होता, मायक्रोआरएनए. ही काय चीज आहे?

समजा, एका मोठ्या घरात लग्नकार्य आहे. आजेसासूबाईंची पाककृतींची जाड वही आहे. ती इतकी मोलाची की कपाटाबाहेर काढायची नाही. ज्याला जो पदार्थ करायचा, त्याने कपाटापाशी जाऊन तेवढीच कृती चिठ्ठीवर उतरवून घ्यायची आणि चिठ्ठी आचाऱ्याला द्यायची. आपल्या शरीराच्या प्रत्येक पेशीत असाच कारभार चालतो. वही म्हणजे डीएनए. तिच्यात सुमारे तीन अब्ज अक्षरे आहेत. उतरवलेली चिठ्ठी म्हणजे आरएनए आणि आचाऱ्याच्या हातून तयार होणारा पदार्थ म्हणजे प्रथिन.

पण कार्यघरात नुसत्या चिठ्ठ्या जात राहिल्या तर काय होईल? बुंदी पुरे झाली तरी लाडू वळत राहतील. म्हणून कोठीघराच्या दाराशी एक जाणती बाई बसवतात. ती चिठ्ठी पाहते आणि म्हणते, "हे आता पुरे." ती चिठ्ठी तेथेच थांबते किंवा फाडली जाते. पेशीतली ही पुरे म्हणणारी बाई म्हणजे मायक्रोआरएनए. ती अगदी लहान, अवघ्या वीस-बावीस अक्षरांची. चिठ्ठीतील अक्षरांशी तिची अक्षरे जुळली की ती चिठ्ठीला चिकटते, मग त्या चिठ्ठीचा पदार्थ होत नाही. एकच बाई पुष्कळ प्रकारच्या चिठ्ठ्या अडवू शकते.

हिचा पत्ता लागला तो एका अळीत. मातीत राहणारी, जेमतेम एक मिलिमीटर लांबीची ती अळी. काही अळ्या अशा निघाल्या की त्या मोठ्या होईनात, बालपणाचीच कामे पुन्हा पुन्हा करीत राहत. अमेरिकेत व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन या दोन शास्त्रज्ञांनी याचे कारण शोधले. त्यांना दिसले की त्या अळ्यांत एक चिमुकला आरएनए बिघडलेला आहे, म्हणून 'आता बालपण पुरे' असे सांगणारे कोणी नाही. हे १९९३ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा लोकांना वाटले, अळीची गोष्ट अळीपाशी. पण २००० साली रव्हकन यांच्या प्रयोगशाळेत लेट-७ नावाचा दुसरा असाच आरएनए सापडला आणि तो माशीत, माशात आणि माणसातही निघाला. मग जगाचे डोळे उघडले. २०२४ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. मैत्रिणींनो, १९९३ च्या अँब्रोस यांच्या निबंधावर पहिले नाव आहे रोझलिंड ली यांचे आणि दुसरे रोंडा फाइनबॉम यांचे. दोघीही बायका, आणि रोझलिंड या अँब्रोस यांच्या पत्नी. पारितोषिकात त्यांचे नाव नाही. आपण निदान आपल्या स्मरणिकेत ते छापू.

म्हणजे नोबेलची गोष्ट खरी आहे. पण पारितोषिक मिळाले ते या आरएनएच्या शोधाला आणि त्याच्या कामाच्या रीतीला. त्या गृहस्थांच्या नळीला ते मिळालेले नाही.

आता याचा कर्करोगाशी संबंध काय? कर्करोग म्हणजे पेशीने 'पुरे' हा शब्द विसरणे. त्यामुळे पुरे म्हणणारी बाईच जागेवर नसेल तर काय होईल, हे आपल्याला कोणी समजावायला नको. २००२ साली कार्लो क्रोचे यांच्या चमूला दिसले की रक्ताच्या एका सावकाश वाढणाऱ्या कर्करोगात, दर तीन रुग्णांपैकी सुमारे दोघांत, अशा दोन मायक्रोआरएनए हरवलेल्या किंवा फार कमी झालेल्या होत्या. २००४ साली जपानमधील संशोधकांनी दाखवले की फुप्फुसाच्या कर्करोगात लेट-७ कमी असलेले रुग्ण शस्त्रक्रियेनंतर कमी काळ जगले. उलट मिर-२१ नावाची एक आहे, ती बऱ्याच कर्करोगांत वाढलेली सापडते. ती नेमक्या रोग आवरणाऱ्या चिठ्ठ्याच अडवते. म्हणजे एका ठिकाणी राखणदार गेला आणि दुसऱ्या ठिकाणी चोराला सामील झाला.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. २००५ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी शेकडो गाठींतील या आरएनए मोजल्या. त्यांच्या कमी-अधिक प्रमाणावरून गाठ मूळची कोणत्या अवयवाची, हे पुष्कळदा ओळखता आले. पेशी किती बिघडली, किती दूर गेली, तरी माहेराची खूण तिच्यात राहते. यकृतात गाठ दिसली पण ती आली कोठून ते कळेना, असे काही रुग्णांत होते. मूळ कळले तर औषध नेमके देता येते. तेथे या खुणेचा उपयोग होण्याजोगा आहे.

आता रक्ताकडे येऊ. उघडा आरएनए रक्तात टिकत नाही, लगेच त्याचे तुकडे होतात. पण या मायक्रोआरएनए रक्तातही शाबूत सापडतात, कारण त्या प्रथिनांना बिलगून किंवा पेशींनी सोडलेल्या सूक्ष्म पुड्यांत बांधून निघालेल्या असतात. प्रवासात लोणचे सांडू नये म्हणून आपण फडक्यात बांधतो, तसेच. २००८ साली मुनीश तिवारी यांच्या चमूने दाखवले की प्रोस्टेट नावाच्या ग्रंथीचा कर्करोग पसरलेल्या पुरुषांच्या रक्तात एक विशिष्ट मायक्रोआरएनए वाढलेली असते. तेव्हापासून ही मोठी आशा निर्माण झाली की गाठीचा तुकडा न काढता, नुसत्या रक्तावरून रोगाचा सुगावा लागेल.

ही आशा खोटी नाही. आपण मुलग्यांच्या आया आहोत, म्हणून संकोच न करता सांगते. तरुण पुरुषांना होणाऱ्या वृषणाच्या कर्करोगात मिर-३७१ नावाची खूण फार चांगली ठरली आहे. २०१९ साली जर्मन संशोधकांच्या पुढाकाराने प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शंभर रुग्णांमागे नव्वदांत ती खूण मिळाली आणि रोग नसलेल्या शंभरांमागे चौऱ्याण्णव जणांत ती मिळाली नाही. जुन्या रक्ततपासण्यांपेक्षा हे पुष्कळ सरस आहे. तरी त्याच रोगाचा टेराटोमा नावाचा एक प्रकार तिला सापडत नाही. सिंगापूरमध्ये २०१९ साली बारा मायक्रोआरएनए मोजून पोटाच्या कर्करोगाचा संभव सांगणाऱ्या तपासणीला मान्यता मिळाली. पण तेथेही रक्तात संशय आला की पुढे दुर्बिणीने पोट पाहावेच लागते. ध्यानात घ्या, या दोन्ही तपासण्या एकेका रोगासाठी आहेत. 'अंगात कोठेही, कसलाही' असे त्या म्हणत नाहीत.

मग अडते कोठे? भाचीने मला तीन अडचणी सांगितल्या.

पहिली अडचण भांड्याची. आपल्या तांबड्या पेशींतही यांतल्या काही आरएनए भरपूर असतात. रक्त काढताना किंवा नेताना नळी हिंदकळली, उन्हात राहिली, उशिरा पोचली, तर त्या पेशी फुटतात आणि त्यांचा माल बाहेर सांडतो. मग मोजणाऱ्याला वाटते की खूण वाढली. २०१२ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले की कर्करोगाच्या म्हणून जाहीर झालेल्या कितीतरी खुणा रक्ताच्या पेशींतूनही येतात. आदल्या दिवशीच्या आमटीचे भांडे न विसळता त्यात दूध तापवले तर चव कशाची, हे सांगता येईल का? म्हणून दोन प्रयोगशाळांचे आकडे पुष्कळदा जुळत नाहीत.

दुसरी अडचण अशी की यांतल्या पुष्कळ खुणा एका रोगाच्या सांगकाम्या नसतात. मिर-२१ सूज आली तरी वाढते, हृदयाच्या दुखण्यातही वाढते. धूर दिसला म्हणजे घर पेटलेच असे नाही, शेजारी बंबही पेटवलेला असू शकतो.

तिसरी अडचण साध्या हिशेबाची. ती मी चवळीचे दाणे मांडून समजून घेतली आणि तुम्हीही घरी मांडून पाहा. समजा, काही त्रास नसलेल्या हजार बायका आहेत आणि त्यांतल्या पाच जणींना रोग आहे. तपासणी चांगली आहे असे धरू. म्हणजे शंभर आजाऱ्यांतले नव्वद ती पकडते आणि शंभर निरोग्यांतल्या दहांनाच चुकून आजारी ठरवते. आता मोजा. पाच आजाऱ्यांपैकी चार-पाच सापडल्या. उरल्या नऊशे पंचाण्णव निरोगी. त्यांतल्या शंभरच्या आसपास बायकांना चुकीचा निरोप गेला. म्हणजे ज्या एकशे चार जणींच्या घरी रडारड झाली, त्यांतल्या शंभर जणींना काहीच झालेले नव्हते. इस्पितळातील अभ्यासात निम्मे आजारी, निम्मे निरोगी घेतात, तेव्हा हीच तपासणी झकास दिसते. आळीत आणली की तिचे असे होते. आपल्या चोवीस जणींत दोघी-तिघींना विनाकारण घोर लागेल. मग त्या खात्रीसाठी कोठे जाणार, कोणाच्या पैशाने जाणार? त्या गृहस्थांना मी हेच विचारले. ते म्हणाले, "ते ज्याचे त्याने पाहायचे."

आणि याच्याही पलीकडची भीती उलट निरोपाची आहे. कागदावर 'काही नाही' असे आले आणि अंगात मात्र आहे, तर ती बाई निर्धास्त होऊन घरी बसेल. मॅमोग्राफी नको, दुसरी तपासणी नको, हे त्या पत्रकातले वाक्य म्हणूनच मला सर्वांत वाईट वाटले.

येथे जाऊबाईंची हकीकत सांगते. त्यांच्या छातीतली गाठ त्यांना आंघोळीच्या वेळी हाताला लागली होती. ती कर्करोगाची असेल, असे त्यांच्या मनात पहिल्याच दिवशी आले होते. तरी आठ महिने त्या कोणाला बोलल्या नाहीत. दीर पावसाळ्यात कामावर नव्हते, धाकटीचे लग्न ठरत होते, आणि पुरुष डॉक्टरपुढे उभे राहायचे या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखे होत होते. शेवटी गाठीवरची कातडी ओढली गेली तेव्हा त्यांनी मला दाखवले. शस्त्रक्रिया झाली, औषधांच्या फेऱ्या झाल्या, केस गेले आणि परत आले. आज त्या आपल्यात आहेत.

मैत्रिणींनो, त्या आठ महिन्यांत साडेचार हजारांच्या नळीने त्यांना काय नवे सांगितले असते? जे सांगायचे ते त्यांच्या हाताला आधीच कळले होते. त्यांच्यापाशी नव्हती ती सोबत. 'चल, मी येते,' असे म्हणणारे कोणी नव्हते.

याच जाऊबाईंना मात्र या नव्या विद्येची खरी वाट पाहायची आहे. दर तपासणीच्या आधी आठ दिवस त्यांना झोप नसते. रोग परत फिरला का, औषध लागू पडते की नुसतेच अंग जाळते, हे थेंबभर रक्तावरून वेळेवर कळू लागले तर त्यांच्यासारख्यांचे केवढे ओझे उतरेल! त्यासाठीच जगभर काम चालू आहे. त्यांच्या इस्पितळात संशोधनासाठी रक्त देता का, असे विचारले तेव्हा त्यांनी संमतिपत्र वाचून घेतले आणि सही केली. नळीवर नाव नव्हते, फक्त क्रमांक होता. त्यांच्याकडून एक पैसाही घेतला नाही. संशोधनात भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, असाच आपल्या देशाचा दंडक आहे. ही खूण लक्षात ठेवा. संशोधन करणारा संमती मागतो. पैसे आधी आणि प्रश्न नकोत, असे म्हणणारा विक्रेता असतो.

आणि हे काम आपल्यापासून दूरचे आहे असे समजू नका. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात, शरीराबाहेर पेशी वाढवण्याची देशातली पहिली प्रयोगशाळा उभारली आणि स्तनाच्या कर्करोगावर संशोधन केले. त्यांना १९८२ साली पद्मभूषण मिळाले.

आता विचाराल, मग रक्ताची वाट पाहत हातावर हात ठेवून बसायचे का? मुळीच नाही. आपल्याच महाराष्ट्रात, आपल्यासारख्याच बायकांवर सिद्ध झालेल्या गोष्टी आहेत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून झोपडवस्तीतील सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. दहावी शिकलेल्या, तयार केलेल्या आरोग्य-सेविकांनी निम्म्या बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाला सौम्य व्हिनेगर लावून साध्या डोळ्यांनी तपासले. ज्यांना ही तपासणी मिळाली, त्यांच्यात त्या कर्करोगाचे मृत्यू एकतीस टक्क्यांनी कमी झाले. हे २०१३ साली जाहीर झाले. त्याच अभ्यासात हातांनी केलेल्या स्तनतपासणीने पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. त्याहून लहान बायकांत तसा फरक दिसला नाही. हा निष्कर्ष २०२१ सालचा. धाराशिव, म्हणजे त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात खेड्यापाड्यांतील सव्वा लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास झाला. ज्या गावांत एकदाच एचपीव्ही विषाणूची तपासणी दिली, तेथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आले. हे २००९ साली प्रसिद्ध झाले. आज सरकारी आरोग्य केंद्रांतून तिशीपुढील सर्वांची तोंडाची, आणि बायकांची स्तनाची व गर्भाशयमुखाची तपासणी करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. तपासणी दारात आली आहे, आपण उंबरठा ओलांडत नाही एवढेच.

तोंडाच्या तपासणीवरून आणखी एक सांगते, रागावू नका. आपल्यापैकी काही जणी सकाळी मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. दात घासण्याच्या नावाखाली ती तोंडात राहते म्हणून ती औषध होत नाही.

तेव्हा माझी सभेला विनंती अशी. तो ठराव आज बाजूला ठेवावा. एक लाख आठ हजार रुपये चोवीस जणींवर न संपवता आपल्या एकशे बेचाळीस सभासदांसाठी राखावेत. माणशी साडेसातशेच्या वर येतात. त्यांतून दर बुधवारी सहा-सहा जणींना आरोग्य केंद्रात नेण्याआणण्याचे रिक्षाभाडे द्यावे. जिला पुढच्या तपासणीला बोलावतील, तिच्या मॅमोग्राफीला किंवा तुकडा तपासण्याला उरलेल्यातून मदत करावी. आणि कोणीही एकटी जाणार नाही, प्रत्येकीबरोबर मंडळाची एक जण जाईल, अशी यादी आजच करावी. सोबतीच्या यादीत पहिले नाव जाऊबाईंनी स्वतः दिले आहे, दुसरे माझे आहे.

त्या चिमुकल्या चिठ्ठ्यांचे शास्त्र पिकत आहे. ते पिकेल तेव्हा सरकारी इस्पितळातच ही तपासणी होऊ लागेल आणि आपण जरूर रांग लावू. आज मात्र कच्च्या फळाला पिकल्याचा भाव देऊ नये, एवढेच माझे मागणे.

 आता अध्यक्षांनी ठराव मतास टाकावा. यादीची वही चिटणीसबाईंच्या टेबलावर आहे. चहा घेण्याआधी नाव लिहावे.